केमो सुरू होण्याआधी वहिनींना पत्र

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

शस्त्रक्रियेची जखम नीट भरली असून पुढच्या आठवड्यात पहिली केमो ठरली आहे, हे दादाने कळवले. त्याने औषधांची नावे वाचून दाखवली, तेव्हा लक्षात आले की मला इथे दिलेली आणि तुम्हाला मिळणार असलेली औषधे एकच आहेत : आधी डॉक्सोरुबिसिन व सायक्लोफॉस्फमाइड आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल. फोनवर सगळ्यांच्या गलक्यात अर्धे बोलणे राहून जाते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. शिवाय तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. डोके ठणकत असले तरी तुम्ही कोणाला पत्ता लागू देत नाही. घरात या गुणाचे कौतुक होत आले असेल, पण केमोच्या काळात तो तुमच्या उपयोगाचा नाही. गप्प राहून सोसल्याने औषध अधिक लागू पडते असे मुळीच नसते, आणि त्रास कमी झाला म्हणून औषध वाया गेले असेही नसते.

त्रास का होतो, हे एकदा समजून घेतले की त्यातली अर्धी भीती जाते. ही औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच, पण केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच भराभर वाढणाऱ्या असतात, आणि त्यांना औषधाची झळ लागते. म्हणून केस जातात, तोंड येते, पोट बिघडते आणि रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात. निरोगी पेशी बहुधा सावरतात, आणि त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणूनच दोन केमोंच्या मध्ये दोन किंवा तीन आठवड्यांचे अंतर ठेवतात.

मळमळ आणि उलट्या यांची सर्वांना सर्वाधिक धास्ती असते, पण आजच्या घडीला चांगला बंदोबस्त होऊ शकतो तो याच त्रासाचा. पहिल्या २४ तासांतली मळमळ वेगळी आणि दुसऱ्या दिवसापासून चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळणारी वेगळी. दोन्हींमागची शरीरातली यंत्रणा एक नसल्यामुळे औषधेही एकापेक्षा अधिक देतात : ओन्डान्सेट्रॉन, ॲप्रेपिटंट, डेक्सामेथासोन आणि पुष्कळदा ओलान्झापिन. यातले शेवटचे औषध मुळात मानसिक आजारांसाठी वापरले जाते, त्यामुळे चिठ्ठीवर ते वाचून कोणी दचकेल. तसे दचकण्याचे कारण नाही, कारण थोड्या मात्रेत ते मळमळीवर उत्तम चालते. त्याने झोप येते, म्हणून ते रात्री घ्यायला सांगतात. मुख्य गोष्ट अशी की, या गोळ्या मळमळ सुरू झाल्यावर घ्यायच्या नसून ती सुरू होऊ नये म्हणून, सांगितलेल्या वेळी आणि सांगितलेले सगळे दिवस घ्यायच्या असतात. ‘आज बरे वाटते आहे, मग गोळी कशाला’ हा काटकसरीचा विचार इथे करू नका. एवढे करूनही उलट्या झाल्या, तर पुढच्या केमोआधी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. गोळ्या बदलता येतात.

या गोळ्यांचेही उपद्रव असतात आणि त्यांविषयी फारसे कोणी आधी बोलत नाही. ओन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठता होते, आणि कधीकधी तिचा त्रास मळमळीपेक्षा जास्त वाटतो. पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच घ्यायचे का, हे विचारून ठेवा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असल्याने ते संध्याकाळी घेतले तर रात्रभर डोळा लागत नाही. सकाळी, काही खाल्ल्यावर घेणे बरे. तुम्हाला मधुमेह आहे, म्हणून आणखी एक : या गोळीने रक्तातील साखर त्या दिवसांत हमखास चढते. ती किती वेळा तपासायची, नेहमीच्या औषधाची मात्रा वाढवायची की नाही, हे केमो सुरू होण्याआधी मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवून घ्या. दोन डॉक्टर आपापसांत बोलतील असे गृहीत धरू नका. दोघांच्याही कागदांची प्रत जवळ ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगते, आणि हा भाग दादालाही वाचायला द्या. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. या काळात ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर सकाळची वाट पाहायची नाही. मध्यरात्र असली तरी रुग्णालयाला फोन करायचा आणि जायला सांगितले की लगेच निघायचे. पांढऱ्या पेशीच नसल्यावर पू होत नाही, सूजही फारशी येत नाही. संसर्ग झाल्याची खूण पुष्कळदा ताप एवढीच असते आणि तो काही तासांत गंभीर होऊ शकतो. नेमके याच वेळी घरात कोणीतरी प्रेमाने पॅरासिटामॉल पुढे करते. रुग्णालयाला विचारल्यावाचून ती घेऊ नका, कारण गोळीने ताप उतरलेला दिसतो आणि संसर्ग मात्र आत वाढत राहतो. उलट, ताप नसतानाही हुडहुडी भरली किंवा एकाएकी गळून गेल्यासारखे झाले, तरीही फोन करायचा, कारण स्टेरॉइडमुळे ताप झाकला जाऊ शकतो. चांगला थर्मामीटर उशाशी ठेवा.

पांढऱ्या पेशी लवकर वाढाव्यात म्हणून केमोनंतर किमान २४ तासांनी एक इंजेक्शन देतात. तुम्हालाही बहुधा मिळेल. त्यानंतर कंबर, पाठ आणि छातीचे मधले हाड यांत जे दुखते, त्याची मला कोणी कल्पना दिली नव्हती. नाडीच्या ठोक्याबरोबर हाड आतून ठणकते, कुशीवर वळले तरी कळ येते, आणि रोग हाडात गेला की काय अशी शंका रात्री दोन वाजता मनात येतेच येते. तसे नसते. मगज जोमाने पेशी तयार करू लागल्यामुळे ते दुखणे असते आणि काही दिवसांत ओसरते. त्यावर कोणती वेदनाशामक गोळी चालेल हे आधीच लिहून घ्या आणि दर वेळी ती घेण्यापूर्वी ताप मोजा.

डॉक्सोरुबिसिन लालभडक असते. मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळते आणि तो रंग त्याचा स्वतःचाच आहे. केमोनंतर एक-दोन दिवस लघवीलाही लालसर रंग येतो, ते रक्त नव्हे. मात्र हे औषध चालू असताना सुईच्या जागी जळजळ, टोचणी किंवा सूज जाणवली, तर त्याच क्षणी नर्सला हाक मारा. शिरेबाहेर गेले तर ते आजूबाजूची त्वचा व स्नायू जाळते. ‘थोडेसेच जळते आहे, संपतच आले आहे’ असे म्हणून थांबू नका. काखेतल्या गाठी काढल्या असल्यास सुई दुसऱ्या हाताला लावून घ्यायची, हेही लक्षात असू द्या. या औषधाचा हृदयावरचा परिणाम आयुष्यभरात मिळालेल्या एकूण मात्रेवर बराच अवलंबून असतो. म्हणून आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात आणि मात्रेचा हिशेब ठेवतात. सायक्लोफॉस्फमाइडमुळे मूत्राशयाला दाह होऊ शकतो, तेव्हा त्या दिवसांत भरपूर पाणी प्या आणि लघवी तुंबवून ठेवू नका.

तोंड येण्यावर उपाय साधा आहे, पण तो नेमाने करावा लागतो. मऊ ब्रश वापरावा, आणि कोमट पाण्यात थोडे मीठ व खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चूळ भरावी. बाजारातली मद्यार्क असलेली माउथवॉश टाळावीत. गिळणेच अशक्य झाले, तर मात्र घरगुती उपायांवर थांबू नये. दाताचे काही काम राहिले असेल, तर ते केमोआधीच उरकून घ्या.

केसांविषयी थोडेच लिहिते. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत ते जाऊ लागतील. डोक्याची त्वचा गार ठेवणारी टोपी काही रुग्णालयांत असते आणि तिने काहींचे केस बऱ्यापैकी टिकतात, पण या औषधांत तिचा भरवसा कमी. आधीच बारीक कापून घेतले तर उशीवर पुंजके पाहावे लागत नाहीत. भुवया आणि पापण्या जातील याची मात्र तयारी ठेवा, कारण पापण्यांविना डोळ्यांतून सारखे पाणी येते. उपचार संपल्यावर बहुतेकींचे केस परत येतात.

पॅक्लिटॅक्सेलची पाळी आली की मळमळ पुष्कळ कमी होते आणि सगळे म्हणू लागतात की आता सुटलात. त्या वेळी हातापायांकडे लक्ष ठेवा. बोटांच्या टोकांना मुंग्या येणे, बधिरता, तळव्यांना जळजळ ही नसांना इजा होत असल्याची लक्षणे आहेत, आणि मधुमेह असणाऱ्यांना त्यांचा धोका अधिक असतो. हा बदल इतका हळू होतो की आपला आपल्यालाच कळत नाही. मी गुळगुळीत टेबलावर एक नाणे आणि एक टाचणी टाकून, डोळे मिटून उचलून पाहत असे. नाणे उचलता येई, टाचणी चिमटीत यायची बंद झाली. सदऱ्याचे वरचे बटण लावायला आरशासमोर उभे राहावे लागू लागले, तेव्हा मी डॉक्टरांना सांगितले आणि त्यांनी मात्रा कमी केली. मात्रा कमी करणे म्हणजे उपचार अर्धवट सोडणे नव्हे. इथे न सांगता सोसले, तर काहींची बधिरता उपचार संपल्यानंतरही वर्षानुवर्षे राहते, आणि ती घालवणारे खात्रीचे औषध नाही. दुखरेपणावर ड्युलोक्सेटिन या औषधाचा काहींना उपयोग होतो, एवढेच. घरात अनवाणी चालू नका, आणि पाणी किती गरम आहे हे बोटांऐवजी कोपराने पाहा. हेच औषध शिरेतून सुरू होताच पहिल्या काही मिनिटांत चेहरा लाल झाला, छाती आवळली किंवा श्वास लागला, तर तेही लगेच सांगायचे. ती ॲलर्जी असते आणि औषध थांबवले की बहुधा आटोक्यात येते.

थकव्याचे सांगायचे तर तो झोपून जात नाही. विचित्र वाटेल, पण त्यावर सर्वांत चांगला पुरावा थोड्या व्यायामाच्या बाजूने आहे. ज्या दिवशी उभे राहवत नाही त्या दिवशी जरूर पडून राहा, पण एरवी रोज थोडे चालणे सोडू नका. शब्द न आठवणे, वाचलेले विसरणे हेही होईल, त्याने घाबरू नका. ‘मन आनंदी ठेव म्हणजे काही होणार नाही’ असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचा हेतू चांगला असतो, पण रडू आले तर खुशाल रडा, त्याने पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत. कोणी काढा, चूर्ण किंवा ताकदीच्या गोळ्या आणून दिल्या, तर मात्र डॉक्टरांना दाखवल्याखेरीज घेऊ नका. काहींचा केमोच्या औषधांशी आणि यकृताशी झगडा होतो.

दादासाठी दोन कामे आहेत. रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे पहिल्याच भेटीत विचारून तो घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये घालावा. केमोनंतरचे ४८ तास शरीरातून औषध बाहेर पडत असते, म्हणून त्या काळात उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे घालावेत आणि शौचालयात दोनदा पाणी सोडावे.

तुम्ही एक वही करा. तारीख, ताप, साखर, उलटी, तोंड, पोट, बोटे, झोप असे रोज दोन ओळींत लिहा आणि प्रत्येक भेटीला ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. तुम्हाला तोंडाने तक्रार करायला संकोच वाटतो, तर वही बोलेल. मळमळीसाठी कोणत्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, त्या चिठ्ठीचा फोटो दादाला लगेच पाठवायला सांगा. मी डॉक्टर नाही, पण काय काय विचारायचे याची यादी पहिल्या केमोच्या आत तुम्हाला नक्की पाठवीन.

मोठ्यांस साष्टांग नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपली,
वन्सं