बाई, तुम्ही प्रश्न वाचायला शिकवलंत

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. सोलापुरात इंग्रजी विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या, विशेषतः आमच्या पूर्व भागातल्या मुलींना तुम्ही काय दिलंत, ते कळायला हवं.

'कवितेत भाषा, संस्कृती आणि अस्मिता यांचं नातं कसं उलगडतं, चर्चा करा.' असा प्रश्न आला की तीन शब्दांचे तीन परिच्छेद पाडायचे, ही सगळीकडची रीत. तुम्ही मात्र विचारायचात, "या तिघांपैकी कविता आधी कुणाला हात घालते?" इंग्रजीत लिहिणाऱ्या कवयित्री सुजाता भट्ट यांची 'सर्च फॉर माय टंग' थेट जिभेपासून, म्हणजे भाषेपासूनच सुरू होते (इंग्रजीत 'टंग'चे दोन्ही अर्थ होतात). कमला दास यांची 'अ‍ॅन इंट्रोडक्शन' ही इंग्रजी कविता आधी राजकारणाचं बोलते, मग इंग्रजीत लिहू नकोस म्हणणाऱ्यांना उत्तर देते आणि पुढे बाईपणाकडे वळते; तिथे भाषेचा वाद मागे पडतो. म्हणजे प्रश्न तोच, उत्तराची मांडणी वेगळी. कुठल्याही गाईडमध्ये हे मला सापडलं नव्हतं.

भट्टांच्या कवितेचं ते पान अजून डोळ्यांपुढे आहे. इंग्रजी ओळींच्या मधोमध अचानक गुजराती लिपी, सोबत तोच उच्चार रोमन अक्षरांत. इंग्रजी भागावर तुम्ही पोस्टकार्ड ठेवलंत आणि म्हणालात, "वाच." शिरोरेघ नसलेली ती अक्षरं मी एकेक लावत गेले. "अडखळलीस ना? तेच उत्तरात यायला हवं." मातृभाषा हरवल्याची खंत कवयित्री इंग्रजीत सांगते आणि स्वप्नात ती भाषा परतते तेव्हा गुजराती खरोखरच कागदावर उमटते. त्यानंतर पुन्हा इंग्रजीत कोंब फुटतो, कळी उमलते. कविता वाचकाला कुठे अडवते, हासुद्धा पुरावा असतो, हे त्या दुपारी पक्कं डोक्यात बसलं.

आमच्या घरात तेलुगू, शाळा मराठी, पेपर इंग्रजीत. विड्या वळताना आई आणि शेजारणींच्या ज्या गप्पा चालतात, त्या उत्तरात घालू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "त्या कानांनी कविता ऐक, पण दाखला कवितेतलाच दे." आणि संस्कृती म्हणजे नुसते सणवार नव्हेत, हे सांगताना सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांचं उदाहरण दिलंत. बाराव्या शतकात त्यांनी वचनं, म्हणजे छोट्या भक्तिरचना, रचल्या त्या कन्नडमध्ये, आणि आज त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला येणारा माणूस मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू काहीही बोलत असतो. आपल्याच गावाकडे मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

शिकवणीचा एक पैसा तुम्ही घेतला नाहीत. उलट जाताना दर वेळी शेंगाचटणीची पुडी हातात ठेवलीत. बाई, मनापासून आभार.

धाकटी बहीण यंदा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्याही पेपरात हेच प्रश्न आहेत. येत्या रविवारी तिला घेऊन आले तर चालेल का?

तुमची विद्यार्थिनी