दहा बळींची वाट कशाला?

महामार्गांवरील ‘ब्लॅक स्पॉट’विषयीची आपल्या अंकातील बातमी वाचली. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत प्राणघातक वा गंभीर जखमींचे पाच अपघात झाले किंवा दहा माणसे दगावली, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. कागदी नोंदींच्या काळात हा निकष समजण्यासारखा होता, आज नाही. आयआयटी मद्रासने विकसित केलेली ‘आयरॅड’ ही अपघात नोंदवण्याची प्रणाली पहिल्यांदा ज्या सहा राज्यांत आली, त्यांत महाराष्ट्र होता. पोलीस घटनास्थळावरूनच मोबाइलवर ठिकाण, छायाचित्रे व तपशील भरतात. रस्त्याच्या अभियंत्याला सूचना जाते आणि त्याने जागेची पाहणी करावी, अशी त्यात सोय आहे. म्हणजे रस्त्यातला दोष पहिल्याच मृत्यूनंतर शोधता येतो.

आमच्या गावाजवळ शाळकरी मुले दुभाजकातील फटीतून महामार्ग ओलांडतात. तिथली झुडपे इतकी माजली आहेत, की भरधाव ट्रक अगदी अंगावर आल्यावरच दिसतो. हे कळायला दहा जीव जायला हवेत का? देशात २०२२ मध्ये १,६८,४९१ जणांनी रस्त्यांवर प्राण गमावले. त्यांत ३२ हजारांवर पादचारी होते. प्रत्येक मृत्यूनंतर अभियंत्याने पाहणीत काय नोंदवले आणि दुरुस्ती कधी होणार, हे महिनाभरात जाहीर करणे सरकारने बंधनकारक करावे.

– एक निवृत्त शिक्षिका, कराड