पहाटेचे स्वप्न खरे का वाटते?

महोदय,

‘पहाटेचे स्वप्न खरे होते’ या समजावर स्वप्नफलाची सदरे चालतात आणि मटक्याचे आकडेही लागतात. ते स्वप्न एवढे ठसठशीत का असते, याचे कारण झोपेच्या घडणीत आहे. साधारण ९० मिनिटांचे एक, अशी झोपेची ४-५ आवर्तने रात्रीत होतात. प्रत्येकाच्या शेवटी पापण्यांआड बुबुळे भराभर फिरतात, हातपाय लुळे पडतात आणि रंगीत, लांबलचक स्वप्ने पडतात. ही अवस्था १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील अ‍ॅसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी नोंदवली. सुरुवातीला ती जेमतेम १० मिनिटे असते, पहाटे अर्ध्या तासावर जाते. तेवढ्यात जाग आली की स्वप्न ताजे हाती लागते, इतकेच.

परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी आयुर्वेदाच्या चरकसंहितेतील ‘इंद्रियस्थान’ हा भाग उघडावा. तिथे स्वप्ने सात प्रकारची आहेत. पैकी दृष्ट (पाहिलेले), श्रुत (ऐकलेले), अनुभूत, प्रार्थित (इच्छिलेले) आणि कल्पित ही पाच सरळ निष्फळ ठरवली आहेत. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ म्हणतात ती हीच. सदरांत नेमके एवढेच गाळलेले असते!

स्वप्नांच्या हेतूबाबत संशोधकांत एकमत नाही. दुखऱ्या आठवणींची धार बुबुळे फिरण्याच्या त्या झोपेत बोथट होते, हे मत मात्र वजनदार आहे. म्हणून ती झोप मोडणे महागात पडते. तिच्यात शरीराचे तापमान-नियमन ढिले पडते, त्यामुळे खोली तापली की मेंदू तीच आखडती घेतो. रात्रपाळी करून सोलापूरच्या मे महिन्यात भर दुपारी पत्र्याखाली झोपणाऱ्या यंत्रमाग कामगाराला हे सांगायला नको. दारूने डोळा लागतो, पण पूर्वरात्री दबलेली स्वप्ने उत्तररात्री उसळून येतात.

तेच भयानक स्वप्न वारंवार पडत असेल, तर ते दिवसा वहीत लिहावे, त्याला हवे तसे वळण द्यावे आणि बदललेले स्वप्न रोज १०-२० मिनिटे डोळ्यांपुढे आणावे. सर्वांत भीषण स्वप्नापासून सुरुवात केली की माणूस घाबरून वही मिटतो. आधी एखादे सौम्य स्वप्न घ्यावे.

पन्नाशीनंतर कोणी झोपेत स्वप्नाबरहुकूम लाथा झाडू, ओरडू लागला, तर अंगारा न लावता मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा. पार्किन्सन्सची (कंपवाताची) ती कित्येक वर्षे आधीची खूण असू शकते. तोवर गादी जमिनीवर घालावी, उशाशी काचेचे काही ठेवू नये.

– एक मनोविकारतज्ज्ञ, सोलापूर