सिराकूझाची ती उत्तरेकडची भिंत

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाताळच्या सुट्टीत इटलीच्या सिसिली बेटावर दोनच दिवस मिळाले तर कोठे जावे, असे तू विचारले होतेस. आईचे आणि माझे मत एकच आहे, सिराकूझाला जा, आणि त्यातही ओर्तिजिया या जुन्या गावाच्या बेटावरच मुक्काम कर. ग्रीसमधील कोरिंथच्या लोकांनी इसवी सनापूर्वी आठव्या शतकात येथे वसाहत केली, आर्किमिडीज येथेच जन्मला आणि येथेच मारला गेला, हे तुला ठाऊक असेलच. परंतु वास्तुकला शिकणाऱ्या मुलीने तेथे जायचे ते मुख्यतः एका इमारतीसाठी.

ती इमारत म्हणजे गावाचे कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च. चौकात उभे राहिलीस की समोर आंद्रेआ पाल्मा या वास्तुकाराने 1728 मध्ये सुरू केलेला भव्य, नक्षीदार बरोक शैलीचा दर्शनी भाग दिसतो. 1693 च्या भूकंपानंतर तो नव्याने बांधावा लागला. सगळे प्रवासी त्याचेच फोटो काढतात, तू मात्र तेथे फार वेळ घालवू नकोस. डाव्या हाताच्या मिनर्वा गल्लीत शिर आणि बाजूची भिंत पाहा. त्या भिंतीत खोबणी असलेले जाडजूड डोरिक (म्हणजे ग्रीकांच्या सर्वांत साध्या शैलीचे) स्तंभ अर्धे बाहेर, अर्धे आत असे चिणलेले आहेत. इसवी सनापूर्वी 480 मध्ये सिसिलीतील हिमेरा येथे उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या सैन्याचा पराभव केल्यावर गेलोन या राजाने अथेना देवीचे जे मंदिर उभारले, त्याचेच हे स्तंभ. त्याच्या दारांवर सोने आणि हस्तिदंत होते, आणि वेरेस नावाच्या रोमन सुभेदाराने ते उचलून नेले, म्हणून सिसेरो या रोमन वक्त्याने त्याच्यावरील खटल्यात त्याची लक्तरे काढली.

सातव्या शतकात या मंदिराचे चर्च झाले, आणि ते कसे झाले हे मला तुला सांगायचे आहे. बांधणाऱ्यांनी मंदिर पाडले नाही. बाहेरच्या स्तंभांमधल्या मोकळ्या जागा त्यांनी भिंत घालून बुजवल्या; आत गाभाऱ्याच्या ज्या दोन लांब सलग भिंती होत्या, त्यांत प्रत्येकी आठ कमानी कोरून काढल्या. त्यामुळे गाभारा हे चर्चचे मुख्य दालन झाले आणि त्याच्याभोवतीचा प्रदक्षिणेचा मार्ग ही बाजूची दालने झाली. देवळाचे दार पूर्वेला होते, चर्चचे पश्चिमेला केले, म्हणजे इमारत जागची न हलता तिचे तोंड फिरले. भार वाहणारी भिंत अशी पोखरायची म्हणजे काय धाडस आहे, हे तीस वर्षे पूल आणि इमारती बांधलेल्या तुझ्या बापाला विचार! त्या कमानींखाली मी इतका रेंगाळलो, की शेवटी आई एकटीच बाहेर जाऊन बसली.

878 मध्ये अरबांनी शहर जिंकले तेव्हा येथे मशीद झाली, आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या उत्तरेकडचे ख्रिस्ती नॉर्मन आले तेव्हा पुन्हा चर्च. आमच्या मार्गदर्शकाने यावरून धर्मांच्या सहजीवनावर छान व्याख्यान दिले. मला ते पटले नाही. मूळ मंदिर हेच युद्धातील विजयाचे स्मारक होते, आणि पुढचे प्रत्येक रूपांतर हारलेल्यांना दाखवून देण्यासाठी होते. स्तंभ वाचले ते परस्परांच्या आदरापोटी नव्हे, तर ते छत उत्तम पेलत होते आणि नवे उभारायला खर्च आला असता म्हणून, असे माझे मत आहे. ज्यू वस्तीची गोष्ट याला पुष्टीच देते. 1492 च्या स्पॅनिश राजाच्या फर्मानाने त्यांना सिसिली सोडावी लागली, आणि ज्युदेक्का भागात एका जुन्या घराखाली खडकात खोल कोरलेली त्यांची धार्मिक स्नानकुंडे तेवढी मागे राहिली. पायऱ्या उतरून खाली जा. कुंडांत आजही झऱ्याचे पाणी आहे. पायऱ्या दमट असतात, चांगले बूट घाल.

जमल्यास 13 डिसेंबरला तेथे पोहोच. त्या दिवशी गावाची रक्षणकर्ती संत लुचिया हिची चांदीची मूर्ती कॅथेड्रलमधून निघते. हिरव्या टोप्या घातलेले लोक ती खांद्यावर घेऊन चालतात, आणि लोक ‘सराउसाना ये’, म्हणजे ‘ती सिराकूझाचीच आहे’, असा जयघोष करतात. तिचे अवशेष मात्र व्हेनिसमध्ये आहेत, त्यामुळे या घोषणेला थोडी धार आहे असे मला वाटले. त्या दिवशी तेथील घरांत पाव आणि पास्ता वर्ज्य असतो; दुष्काळात धान्याची जहाजे आली, तेव्हा दळायलाही न थांबता लोकांनी गहू उकडून खाल्ले, त्याची ही आठवण. त्या गव्हांना कुचिया म्हणतात, आणि रिकोटा चीज घातलेला तो पदार्थ आईला आपल्या गव्हाच्या खिरीसारखा वाटला, फक्त गूळ विसरलेला.

आरेथुसाचा झराही पाहा, समुद्राला खेटून असूनही तो गोड पाण्याचा मानला जातो आणि त्यात पपायरसची, म्हणजे प्राचीन काळी ज्यापासून कागद बनवीत त्या लव्हाळ्याची, झुडपे उगवतात. बाकी दुकाने आणि धक्का आपोआप पाहून होतील.

कॅथेड्रलमध्ये वही घेऊन जा आणि त्या कमानींपैकी एकीचे मापासकट रेखाटन करून मला पाठव. भिंत कापताना त्यांनी वरचा भार कसा तोलून धरला असेल, याविषयी तुझे मत हवे आहे. माझे मी आताच सांगत नाही.

थंडीचे कपडे विसरू नकोस, असे आई सांगते आहे.

तुझा,
बाबा