पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र: हणजूणच्या खडकाचा एक तुकडा वीस वर्षांसाठी राखून द्या

माननीय पर्यावरणमंत्री,
गोवा राज्य, सचिवालय, पर्वरी

महोदय,

काही वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या एका बांधकामाच्या जनसुनावणीला मी गेले होते. टेबलावर पर्यावरण अहवालाची जाड फाईल होती. खडकाळ किनाऱ्याबद्दल तिच्यात दीड पान होतं. प्राण्यांची यादी, आणि खाली एक वाक्य: इथे कोणतीही दुर्मीळ किंवा संकटग्रस्त प्रजाती आढळली नाही. यादी खोटी नव्हती. मी तीस वर्षं मुलांना घेऊन असल्याच खडकांवर जात आले आहे, त्यातलं प्रत्येक नाव माझ्या ओळखीचं होतं. तरी त्या एका वाक्यात काय चुकलंय ते मला तिथे, वाट्याला आलेल्या तीन मिनिटांत, धड सांगता आलं नाही. ते आज आपल्याला सांगते आहे.

ही चूक मला ज्यांच्यामुळे कळली त्यांचं नाव रॉबर्ट पेन. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक, जन्म 1933 चा. 1963 च्या जून महिन्यात त्यांनी पॅसिफिकच्या काठावर, मकाह उपसागरातल्या खडकावर, 8 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद एवढी पट्टी निवडली. त्या पट्टीवर जांभळे-नारिंगी तारामासे असत. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, जायचं, पहारीने तारामासे खडकावरून सोडवायचे आणि लांब समुद्रात भिरकावून द्यायचे, एवढंच ते करत राहिले. शेजारची तशीच पट्टी त्यांनी जशीच्या तशी ठेवली. एका प्राण्याला काढायचं, बाकीच्यांचं काय होतं ते बघायचं. समुद्राच्या अभ्यासात तोवर मुख्यतः मोजदाद आणि वर्णनं होत होती. पेननी खडकालाच प्रश्न विचारला.

खडकावर खायला समुद्र भरपूर आणून देतो, तिथे टंचाई असते ती जागेची. चिकटून बसायला तळहाताएवढी जागा मिळावी म्हणून शेवाळं, बार्नेकल (खडकाला घट्ट चिकटणारे छोटे कवचवाले जीव), शिंपले, सगळे एकमेकांना रेटत असतात. पेनच्या खडकावर या रेटारेटीत शिंपला सर्वांना भारी होता. पण तारामाशाचं आवडतं खाणंही शिंपलाच. जो जिंकणार त्यालाच कोणीतरी खात होतं, म्हणून बाकीच्यांना जागा उरत होती. तारामासा गेल्यावर शिंपल्यांनी खडक व्यापत नेला. पट्टीवर आधी 15 प्रजाती होत्या, त्यांच्या 8 झाल्या. गेलेल्यांतल्या कितीतरींना तारामासा खात नव्हता की त्या त्याला खात नव्हत्या. तरी त्याच्या जाण्याने त्या गेल्या.

हे 1966 साली छापून आलं. 1969 मध्ये पेननी अशा प्राण्याला नाव दिलं, ते आपण मराठीत कळीची प्रजाती म्हणून वापरतो. मूळ इंग्रजी शब्द, कीस्टोन, गवंड्यांचा आहे. कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड; आपल्याकडे जांभ्याची कमान रचणारे गवंडी तो सगळ्यात शेवटी बसवतात, आणि तो काढला तर बाकीचे दगड कितीही चांगले असले तरी खाली येतात.

आता त्या फाईलमधलं वाक्य पुन्हा वाचावं ही विनंती. पेनचा तारामासा दुर्मीळ नव्हता, संकटग्रस्तही नव्हता. मकाहच्या खडकावर जाणाऱ्या कोणालाही तो दिसत होता. 1963 मध्ये कोणी त्या किनाऱ्याचा अहवाल लिहिला असता तर त्यातही हेच लिहिलं गेलं असतं, की इथे दुर्मीळ काही नाही. ते खरं असतं आणि त्यातून त्या किनाऱ्याबद्दल काहीही कळलं नसतं. घरात कोण कोण राहतं याची यादी केली म्हणून घर कोणाच्या जिवावर चालतं ते समजत नाही.

आपल्या खडकावरही तारामासाच हे काम करतो असं मी म्हणत नाही. पेनना स्वतःलाही एका किनाऱ्याचा निष्कर्ष दुसऱ्याला लावायची घाई नव्हती. ते न्यूझीलंडला गेले, तिथला वेगळाच तारामासा काढून पाहिला, आणि तिथलेही शिंपले खाली सरकत खडक व्यापत गेले. ते शिंपले आपल्या शिनाण्यांचे, म्हणजे इथे खाल्ल्या जाणाऱ्या शिंपल्यांचे, सख्खे चुलत, एकाच पेर्ना कुळीतले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजीची आठवण झाली. अमावस्येच्या सुकतीला ती शिनाणे काढायला जायची, आणि खडकाचा कुठला कोपरा या वर्षी सोडायचा हे तिचं ठरलेलं असायचं. पुढे वॉशिंग्टनच्याच किनाऱ्याजवळच्या तातूश बेटावर पेननी अनेक वर्षं एकेका प्राण्याचा प्रभाव मोजला. बहुतेकांचा अगदी थोडा निघाला, मोजक्यांचाच जबरदस्त. कोण कुठल्या गटातला, हे नुसतं बघून ओळखता येत नव्हतं.

त्यांच्या कामाचा परिणाम त्या खडकांपलीकडेही झाला. 1971 साली अलास्काच्या अल्यूशियन बेटांवर जेम्स एस्टिस नावाचा तरुण अभ्यासक त्यांना भेटला. पाणमांजरांचा अभ्यास करायला तो आला होता. पाणमांजरांना काय मिळतं यापेक्षा पाणमांजरं तिथे काय करतात ते बघ, असं पेननी त्याला सुचवलं. पाणमांजरं असलेल्या बेटांभोवती केल्प या उंच वाढणाऱ्या शेवाळाची समुद्री जंगलं दाट होती. जिथे ती शिकारीत संपली होती तिथे सागरी साळिंदरांनी (काटेरी गोल सी अर्चिननी, पाणमांजरांच्या खाण्यातल्या) ती जंगलं खाऊन तळ उघडा केला होता. पेनच्याच विद्यार्थिनी जेन लुबचेंको 2009 मध्ये अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान खात्याच्या प्रमुख झाल्या.

पण मंत्री म्हणून आपण नजर टाकावी ती चिलीकडे. पेनचे सहकारी हुआन कार्लोस कास्तिया यांनी 1982 मध्ये लास क्रूसेस इथे खडकाळ किनाऱ्याचा एक तुकडा माणसांसाठी बंद केला. पेननी तारामासा काढला, कास्तियांनी माणूस काढला. तिथे लोको नावाचा मोठा समुद्री शंख लोक चवीने खातात. माणसांचे हात थांबताच लोको परत आला, त्याने शिंपले खाल्ले, खडकावर बार्नेकल पसरले, किनाऱ्याचं रूपच पालटलं. त्या किनाऱ्यावरचा कळीचा शिकारी माणूस होता. यावर चिलीने कोळ्यांना किनाऱ्यावरून हाकललं नाही. 1991 च्या मासेमारी कायद्यात तिथल्या कोळ्यांच्या संघटनांना तळाचे ठरावीक पट्टे सांभाळायला दिले: तुम्हीच मोजा, तुम्हीच राखा, तुम्हीच काढा. बंद केलेल्या एका लहानशा तुकड्यावर जे दिसलं, त्याचा त्या कायद्याला आधार होता.

गोव्याच्या किनारपट्टीची लांबी 105 किलोमीटर सांगितली जाते. तिचं नाव निघालं की आपण सगळे वाळूच बघतो. मोरजी आणि गालजीबागच्या कासवांमुळे वाळूला निदान थोडं संरक्षण आहे. पण हरमल, वागातोर, हणजूण, दोनापावल, काब द राम इथला खडक आपल्याला फोटोची पार्श्वभूमी वाटतो. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत संवेदनशील जागांची यादी आहे. तिच्यात खारफुटी आहे, प्रवाळ आहे, वाळूच्या टेकड्या आहेत, चिखलाची सपाटी आहे, कासवांची घरटी आहेत. खडकाळ किनाऱ्याचं नाव तिच्यात वेगळं नाही. म्हणून संरक्षक भिंत, जेटी किंवा रेस्टॉरंटचा ओटा आला की खडक सर्वांत सोपा सापडतो.

त्यात पर्यावरण अहवालाची माहिती एका ऋतूत गोळा करायची असते, तीही पावसाळा वगळून. वाळवंटात हे चालत असेल. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मांडवी आणि झुवारी गोडं पाणी समुद्रात लोटतात, खडकावरचा खारेपणा उतरतो, लाटा जुनं सगळं खरवडून नेतात. उन्हाळ्यात जिथे कोरडा खडक असतो तिथे पोर्फायरा हे पातळ जांभळट शेवाळ येतं आणि पाऊस सरला की जातं. जागा कोणाला मिळणार हे आपल्या खडकावर पावसाळ्यात ठरतं, आणि ते चार महिने फाईलमध्ये नसतात. अहवाल लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांना जेवढं विचारलं तेवढंच त्यांनी लिहिलं.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना 1966 च्या जानेवारीत झाली. पेनचा निबंधही त्याच वर्षीचा. ही संस्था दोनापावलला आहे, खडकाच्या डोक्यावर. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे, तिथे सागरविज्ञान शिकवतात. म्हापशापासून मडगावपर्यंतच्या महाविद्यालयांत प्राणीशास्त्राची मुलं आहेत, त्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. माणसं आहेत, सूक्ष्मदर्शकं आहेत. जो तुकडा पुढच्या वर्षीही जागेवर असेल याची खात्री आहे, असा खडक तेवढा नाही. मी स्वतः मुलांबरोबर रंगाने खुणा करून दोन वर्षं मोजलेली एक जागा तिसऱ्या वर्षी काँक्रीटखाली गेली. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. त्यांचा आता काही उपयोग नाही.

म्हणून मी एवढंच मागते. हणजूणच्या खडकाचा शंभरेक मीटरचा तुकडा सरकारी आदेशाने वीस वर्षांसाठी राखून द्या. तिथे बांधकाम नाही, भराव नाही, दिव्यांचे खांब नाहीत. खडकात पितळी खुणा ठोकून चौकोन आखा, आणि बाराही महिने, पावसातसुद्धा सुरक्षित सुकती मिळेल तेव्हा, मोजणी होऊ द्या. काही चौकोनांवर एकेक प्राणी काढून पाहण्याची परवानगी वनखात्याकडून आधीच मिळवून द्या. हे सगळं एखाद्या सुशोभीकरणाच्या निविदेपेक्षा कितीतरी कमी पैशांत होईल. वीस वर्षं मी मुद्दाम म्हणते आहे. पेन तातूशवर 1968 पासून जात होते. 1998 मध्ये निवृत्त झाल्यावरही जाणं सुटलं नाही, आणि 2016 च्या जूनमध्ये ते वारले. दरम्यान कितीतरी सरकारं आली आणि गेली, पण तो खडक राहिला. म्हणून मला आपल्या कार्यकाळाच्या पलीकडे टिकेल असा आदेश हवा आहे.

आणखी एक. तातूश बेट मकाह या मूळ रहिवाशांचं आहे. पेननी काम सुरू करण्याआधी त्यांच्या पंचायतीची परवानगी घेतली आणि शेवटपर्यंत त्या परवानगीवरच काम केलं. इथेही आदेश निघण्याआधी गावाला विचारायला हवं. शिनाणे आणि कालवं काढणाऱ्या काही बायकांशी मी स्वतः बोलले. वर्षातले काही महिने राखीव तुकड्यावर हात लावायचा नाही, हे त्यांना मान्य आहे. त्यांची एक अट आहे: मोजणीचे आकडे दर वर्षी ग्रामसभेत, कोकणी-मराठीत, वाचून दाखवायचे. ती आदेशात लिहावी अशी माझीही विनंती आहे.

आपली,
बार्देशातील एक निवृत्त प्राणीशास्त्र शिक्षिका