1 मोठा की 4 मोठा?

संपादक महोदय,

कालच्या केमिकल गोदामाच्या बातमीत चौकट टाकून, वर ठळक टायपात छापलंय की तिथला माल 'कॅटेगरी 4 चा, म्हणजे अतिघातक'. अहो, जीएचएसमध्ये (रसायनांच्या धोक्याची वर्गवारी आणि लेबलं ठरवणारी जागतिक पद्धत) उलटं असतं! 1 सगळ्यात वाईट. पोटात गेलं तर 1 आणि 2 जीवघेणं, 3 विषारी, आणि 4 पर्यंत येईस्तोवर लेबलवरची कवटी जाऊन नुसतं उद्गारचिन्ह उरतं. 4 सगळ्यात वाईट असतो तो एनएफपीएच्या (अमेरिकेतली आगप्रतिबंधक संस्था) निळ्या-लाल-पिवळ्या-पांढऱ्या चौकोनात, जो टाकीवर नाहीतर गोदामाच्या दारावर लावतात. दोन्ही पद्धती एकाच आवारात सुखाने नांदतात, वाचणारा मरो.

तुम्हाला वाटेल म्हातारा आकड्यांवरून भांडतोय. मी स्टोअरला होतो तेव्हा एक नवीन साहेब आले, हुशार, कंप्युटरवाले. त्यांनी सगळ्या एसडीएसमधून (मालासोबत येणारी सुरक्षा माहितीपत्रकं) कॅटेगरी काढून यादी केली आणि आकडा मोठा तो माल आत कुलपात, लहान तो बाहेर असा हुकूम सोडला. झालं, झायलीन (पेट घेणारा द्रव, कॅटेगरी 3) गेलं आत आणि ईथर (त्याहून झटकन पेटणारं, कॅटेगरी 1) आलं शेडमध्ये, पत्र्याखाली, शेजारी पंपाची मोटर. ईथर 35 अंशाला उकळतं हो, आणि त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने वाफ पेटू शकते ते तापमान, उणे 45 च्या आसपास! ड्रमवर लाल कडेचा ज्वाळेचा शिक्का, खाली 'डेंजर' लिहिलेलं, झायलीनवर फक्त 'वॉर्निंग', पण लेबल बघतो कोण, लेबलवर कॅटेगरीचा आकडा नसतोच आणि साहेबांची यादी तर आकड्यांची. मी बोललो तर म्हणाले, काका तुम्ही फक्त चलनं बघा. शेवटी ईथर देणाऱ्या पार्टीचा माणूस आला, त्याने शेड बघितली आणि ड्रम उतरवायलाच नकार दिला, तेव्हा कुठे यादी फाटली.

आता असे साहेब तुमचा पेपर वाचत असणार, म्हणून लिहितोय.

आणि हो, बातमी ॲसिड सांडल्याची असो की गॅस सिलिंडरची, फोटो कायम कवटीचाच कसा काय? ॲसिडचं वेगळं चित्र आहे, हातावर आणि धातूवर थेंब पडतायत असं. एकूण 9 चित्रं आहेत, सगळी फुकट मिळतात.

मागच्या पत्रातले माझे आकडे तुम्ही जागेअभावी कापलेत. यावेळी साहेबांना कापलंत तरी चालेल, पण 45 च्या आधीचं 'उणे' तेवढं राहू द्या.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर