ओसरीवरच्या मुंग्यांबद्दल, आजींना

आदरणीय आजी,
सा. न. वि. वि.

तुमच्या वारली पाड्यावरून परतून पंधरा दिवस झाले, तरी हे पत्र लिहिताना गळा दाटून येतो. तुमची नात ते तुम्हाला वाचून दाखवीलच. इतरांनीही वाचावे म्हणून ते उघडपणे लिहिते आहे.

आधुनिक भारतीय चित्रकलेतील निसर्गप्रतीके आणि लोककलेचा प्रभाव हा माझ्या प्रबंधाचा विषय. यामिनी रॉय यांनी पाश्चात्त्य वळणाची व्यक्तिचित्रे सोडून बंगालच्या पटचित्रांची वाट का धरली, हे मला अनेकांनी आदराने समजावले. वारलीविषयी विचारताच मात्र एका जाणकारांनी 'त्या रेघोट्या' म्हणून विषय संपवला, आणि एका कार्यशाळेत तर वर्तुळ म्हणजे सूर्य, त्रिकोण म्हणजे डोंगर अशी छापील यादी हातात देऊन दोन तासांत आमची बोळवण केली.

तुम्ही मला लग्नघरातल्या भिंतीवर रंगवलेला चौक दाखवलात. मधोमध सुफलतेची पालघट देवी, भोवती झाडे. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा, म्हणून मी लांबूनच पाहत होते आणि वही उघडून प्रत्येक आकृतीचा अर्थ विचारत होते. तुम्ही उत्तर दिले नाही. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केलेत, तांदळाच्या पिठाची वाटी माझ्यापुढे सरकवलीत आणि ओसरीवरच्या गेरूने सारवलेल्या कुडाकडे बोट दाखवलेत. झाडाचे खोड काढताना माझा हात थरथरला आणि रेघ तुटून तिचे ठिपके झाले. ते पुसायला मी पदर पुढे केला, तेव्हा तुम्ही माझे मनगट धरलेत आणि एकेका ठिपक्याला पाय काढलेत. खोडावरून मुंग्या चढू लागल्या.

१९७०च्या दशकात कागद आणि कापड हाती आल्यावर, लग्नविधीपुरती असलेली ही कला रोजची साधना करणारे गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी रंगवलेले मासेमारीचे जाळे मी कितीदा तरी पाहिले होते आणि त्या बारीक रेघांत प्रतीकच शोधत बसले होते. तुमच्या मुंग्यांनंतर ते पुन्हा पाहिले, तेव्हा प्रथमच त्यात पाण्याची ओढ जाणवली.

ज्यांच्यापाशी पदव्या आणि ग्रंथालये होती त्यांना सवड नव्हती. तुमच्या घरात लग्नाची धांदल असताना एका अनोळखी बाईच्या चुकलेल्या रेघेसाठी तुम्ही दुपार दिलीत आणि निघताना भात वाढलात. शिकवणाऱ्याचे मन एवढे मोठे असले, तर शिकणाऱ्याला अज्ञानाची लाज वाटत नाही.

पुढच्या सारवणात त्या मुंग्या जातील, हे मला ठाऊक आहे. काडी मात्र मी जपून आणली आहे. वारलीवरचे जुने प्रकरण फाडून ते नव्याने लिहायला घेतले आहे; पुरे झाले की सर्वांआधी तुम्हाला वाचून दाखवायला येईन.

आपली ऋणी,
ओसरीवर बसलेली ती विद्यार्थिनी